डब्यातला पाऊस

माण तालुक्यातले एक लहान गाव. गावाच्या मध्ये मारुतीचे देऊळ. देवळापुढे लिंबाचे मोठे झाड आणि झाडाभोवती दगडी पार. दिवस मावळला, जेवणे झाली, की या पारावर माणसे जमतात. कुणी तंबाखू मळतो. कुणी नुसताच पाय पसरून बसतो. गप्पा मात्र सगळ्यांच्या चालतात. कुणाच्या घरी काय शिजले, कुणाची म्हैस व्याली, पाऊस कुठवर आला, यात्रेला कोण कोण निघाले.

नवख्या माणसाला वाटेल, या रिकाम्या गप्पा. पण तसे नाही. गावातले निम्मे बेत या पारावरच ठरतात. काही साधतात, काही फसतात.

ही गोष्ट २०२३ सालच्या जून महिन्यातली आहे.

त्या संध्याकाळी पारावर चौघे बसले होते. तात्या सगळ्यांत वडील. वय सहासष्ट. आण्णा बोलके आणि थोडे उतावळे. मुलाणीचाचा कपडे शिवतात आणि दोन एकर जमीनही करतात. चौथे बापू. बापू आणि त्यांची बायको पारूबाई, दोघेही त्या हिवाळ्यापासून गावातल्या साक्षरता वर्गाला जात होते.

"काय तात्या, जेवण झालं का?" आण्णांनी विचारले.

"झालं की. हुलग्याचं माडगं आन् बाजरीची भाकरी. सुनंनं मिरचीचा खर्डा केला हुता. डोळ्यातनं पानी काढलं बग त्यानं."

"डोळ्यातनं आलं, पर आभाळातनं कवा येनार?" चाचा म्हणाले.

सगळे हसले. पण हसणे लवकर थांबले. मृग नक्षत्र ८ जूनला लागले होते. आभाळ मात्र कोरडे होते. माणसाला दुपारी घरात बसवत नव्हते. विहिरींनी तळ गाठला होता.

माण तालुक्यात पाऊस मुळातच थोडा. सह्याद्रीच्या डोंगरावर ढग रिकामे होतात, आणि पुढे आमच्या वाट्याला वारा तेवढा येतो. म्हणून इथला शेतकरी मृगाची वाट लेकरासारखी बघतो.

"पंचांगात औंदा पाऊस बरा सांगितलाय," आण्णा म्हणाले. "आन् माझ्या फोनवर बी आलंय. दोन दिसांत मुसळधार!"

"कुनी पाठवलंय?" तात्यांनी विचारले.

"कुनी म्हंजी? पावण्यानं पाठवलंय."

"आन् पावण्याला?"

आण्णांना ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरेच आभाळ भरून आले. वारा सुटला. धुळीचे लोट उठले. विजा कडाडल्या आणि पावसाची एक जोरदार सर आली. अर्धा-पाऊण तास पाऊस झाला. मातीचा वास सुटला. पोरे अंगणात नाचली. ओढ्याला थोडे गढूळ पाणीही आले.

रात्री पार भरून गेला होता.

"म्या सांगितलं हुतं का न्हाई?" आण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. "उद्या ट्रॅक्टर सांगतो. परवा पेरणी. कमीत कमी दोन इंच पडलाय."

"कसला दोन इंच!" चाचा म्हणाले. "माझ्या परड्यात खुरप्याचं पातं बी वल्लं झालं न्हाई."

"लई पडला," एक जण म्हणाला.

"बेताचाच हुता," दुसरा म्हणाला.

एकच पाऊस. एकच गाव. पण दहा तोंडांनी दहा मापे. कुणाचे खरे मानायचे?

बापू गप्प होते. त्यांच्या मनात वेगळेच चालले होते. आषाढी एकादशी त्या वर्षी २९ जूनला होती. बापूंना पंढरपूरला जायचे होते. दोन वर्षे बेत हुकला होता. आत्ताच पेरणी उरकली, तर महिनाअखेर मोकळे होऊन वारीला जाता येईल, असा त्यांचा हिशोब होता. म्हणून आण्णांचे बोलणे त्यांना गोड लागत होते. आपल्या मनातली गोष्ट दुसरा बोलला, की ती आपल्याला खरी वाटते. सगळ्यांचेच असे होते.

"मी बी परवाच पेरतो," बापू म्हणाले आणि उठले.

घरी येऊन पाहतात, तो पारूबाई अंगणात उभी. तिच्या हातात एक पत्र्याचा डबा. तेलाचा रिकामा डबा तिने वरचा पत्रा कापून, घासून अंगणात वाळत ठेवला होता. पावसात तो तसाच राहिला. त्यात पाणी साठले होते. ते ती आता तुळशीला घालणार, एवढ्यात बापू ओरडले, "थांब, थांब! ओतू नगंस!"

"का वो? काय झालं?"

"खाली ठेव. पोरीची फूटपट्टी आन."

बापूंना वर्गातला एक धडा आठवला होता. बाईंनी सांगितले होते, की तोंड आणि बूड सारखे असलेले भांडे उघड्यावर ठेवावे. त्यात जेवढे उंच पाणी साठेल, तेवढा पाऊस झाला. हवामान खाते असेच मोजते. त्यांचे भांडे चांगले असते, आमचे तेलाच्या डब्याचे, एवढाच फरक. भांडे मोठे असो की लहान, बाजू सरळ उभ्या असल्या की उंची तीच येते. हंडा, कळशी किंवा घमेले मात्र चालत नाही. त्यांचे तोंड एका मापाचे आणि पोट दुसऱ्या मापाचे. तिथे माप खोटे येते.

पारूबाईने पट्टी डब्यात सरळ उभी धरली. तिची नजर चांगली. आकडेही तिला बापूंपेक्षा लवकर आले होते.

"एक सेंटिमीटर," ती म्हणाली, "आन् वर नऊ बारक्या रेघा."

"म्हंजी किती?"

"एका सेंटिमीटरात धा मिलिमीटर. धा आन् नऊ, एकोणीस."

"एकोणीस मिलिमीटर," बापू हळूच म्हणाले. "आन् आण्णा म्हनत्यात दोन इंच. एका इंचात पंचवीस मिलिमीटर. दोन इंच म्हंजी पन्नास झालं असतं."

एक इंच सुद्धा पाऊस झाला नव्हता. 

आता यात आणखी एक गोष्ट होती. कृषी खाते दर वर्षी सांगते, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. हे वाक्य बापूंनी वर्गात दोनदा मोठ्याने वाचले होते. पण तेव्हा ते नुसते वाक्य होते. आता डब्यात पट्टी उभी होती. पंचाहत्तराच्या रेघेवर बोट ठेवले, तर पाणी खाली कुठेतरी तळाला. बापू बराच वेळ डब्यात बघत बसले.

वाचकहो, हे पंचाहत्तर कशासाठी, ते नीट समजून घ्या. उन्हाळ्यात जमीन खोलवर तापलेली असते. पहिल्या सरीने वरची चार बोटे माती भिजते. खाली धूळच असते. बी त्या चार बोटांत पडते, ओल लागताच उगवते. मग त्याचे मूळ खाली पाणी शोधू लागते. खाली पाणी नसते. वरून ऊन लागते. दोन-चार दिवसांत वरची ओलही जाते. मग कोंब पिवळा पडतो आणि मरतो. बी न उगवता तसेच राहिले, तरी मुंग्या आणि पाखरे त्याचा फडशा पाडतात. पाऊस पुरेसा झाला, की ओल वीतभर खाली जाते. मग पुढे आठ-दहा दिवस पाऊस नसला तरी रोपाला धीर धरता येतो.

दुसऱ्या दिवशी पारावर बापूंनी डब्याची हकीकत सांगितली. आण्णांनी ती हसण्यावारी नेली.

"आरं बापू, डब्यात बघून कुनी शेती केली काय? आमच्या बानं आभाळाकडं बघून केली."

"तुमचा बा मृगाला पेरायचा, ते खरं," तात्या म्हणाले. "पर बहात्तर साली काय झालं, त्ये बी आठवा."

सगळे गप्प झाले. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात कोण विसरेल? तात्या तेव्हा पंधरा वर्षांचे होते.

"त्या साली आमच्या बानं दोन येळा पेरलं," तात्या सांगू लागले. "पहिल्यांदा घरच्या बियाचं. दुसऱ्यांदा उसनं आणून. दोन्ही गेलं. कणगीत खायाला दाना ऱ्हायला न्हाई. आमी समदी खडी फोडायला गेलो. आई, बा, मी, थोरली बहीण. सरकारनं कामं काढली हुती. तिथं सुकडी मिळायची. आन् रेशनावर तांबडी मिलो ज्वारी. परदेशातनं आलेली. तिची भाकरी थापायला गेलं की चिरायची. पर ग्वाड लागायची गड्या! भुकंला काय न्हाई ग्वाड लागत?" तात्या थोडे थांबले. "बा मरंस्तोवर म्हनायचा, पहिलं बी राखलं असतं तर निदान त्येच खाल्लं असतं."

आण्णा म्हणाले, "बहात्तरची गोष्ट येगळी. औंदा आता ढग आल्यात." आणि त्यांनी १२ जूनला पेरणी केली. बी, खताचे पोते, ट्रॅक्टरचे भाडे, सगळे मिळून दोन एकराला साडेचार हजार रुपये गेले. बाजरीचे बी त्यात फार नसते. एकराला दीड-दोन किलो पुरते. बी स्वस्त पण पेरणी महाग, असे हे गणित आहे.

बापू थांबले. ते सोपे नव्हते, बरे का. शेजारच्या रानात ट्रॅक्टर फिरतो, आपले रान मोकळे पडते. येणारा-जाणारा विचारतो, "काय बापू, वारीला जायचंय म्हणून पेरणी ऱ्हायली का?" माणसाला दुसऱ्याचे हसणे फार लागते. बापूंनी दोन रात्री नीट झोप घेतली नाही.

पण डबा त्यांनी नीट मांडला. झाडापासून आणि घरापासून लांब, उघड्या जागी. वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती चार दगड लावले. रोज सकाळी साडेआठला बघायचे, आकडा लिहायचा, पाणी ओतून टाकायचे आणि डबा पुन्हा मांडायचा. हवामान खातेही सकाळी साडेआठलाच मोजते. पारूबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात आकडे लिहायला सुरुवात केली.

१३ जून, ०. १४ जून, ०. १५ जून, ०.

शून्य काढायला सोपे असते. पण रोज रोज शून्य काढताना तिचा हात जड होई.

त्या वर्षी पाऊस का अडला होता? कारण ऐका. आपला मोसमी पाऊस नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो. साधारण १ जूनला तो केरळात पोचतो. २०२३ साली तो ८ जूनला पोचला. त्याच वेळी अरबी समुद्रात मोठे चक्रीवादळ उठले होते. त्याचे नाव बिपरजॉय. समुद्रावरची वाफ आणि वारे या वादळाने आपल्याकडे ओढून घेतले. १५ जूनला ते गुजरातेत कच्छच्या किनाऱ्यावर आदळले. इकडे मोसमी पाऊस ११ जूनला तळकोकणात शिरला आणि तिथेच जवळजवळ दोन आठवडे अडून बसला. घाट चढून वर येईना.

नक्षत्र बदलते ते सूर्याच्या चालीने. ते दर वर्षी ठरल्या दिवशीच लागणार. पाऊस येतो तो वाऱ्याच्या चालीने. त्याला कॅलेंडर माहीत नाही. मृग लागला म्हणजे पाऊस लागला, असे नव्हे. ही गोष्ट तात्यांना अनुभवाने माहीत होती. बापूंना ती त्या वर्षी आकड्यांनी कळली.

१७ तारखेला आण्णांच्या रानात बाजरी उगवली. हिरव्या रेघा लांबून छान दिसत होत्या. आण्णा पारावर छाती काढून बसले. २१ तारखेला रेघा पिवळ्या झाल्या. २३ तारखेला रान पुन्हा मातीच्या रंगाचे झाले.

त्या रात्री आण्णा पारावर आले नाहीत.

बापूंना आनंद झाला का? नाही. ते आण्णांच्या घरी गेले. आण्णा ओसरीवर बसले होते. दोघांनी चहा घेतला. पेरणीचा विषय कुणीच काढला नाही. म्हशीच्या आजाराविषयी बोलले, आणि बापू परत आले.

इकडे वारीची वेळ जवळ आली होती. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ११ जूनला आळंदीहून निघाली होती. तुकाराम महाराजांची त्याच्या आदल्या दिवशी देहूहून. दोन्ही पालख्या वाट चालत होत्या. पंढरपूर जवळ आले, की वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. गावातले काही जण वाटेत नातेपुत्याला जाऊन दिंडीत मिळाले होते. बाकीचे एसटीने जाणार होते.

बापूंचा पाय घरात आणि जीव पंढरपुरात. पाऊस आत्ता येईल, मग येईल, असे चालले होते. आला, की ओल बघून पेरणी करायलाच हवी. मुगाला आणि उडदाला उशीर चालत नाही. बाजरी जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येते, पण तीही किती लांबवणार?

एका रात्री जेवताना ते म्हणाले, "औंदा बी माझी वारी हुकली म्हनायची."

पारूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "तुमची हुकली," ती म्हणाली. "माझी कुनी धरली हुती काय?"

बापू बघतच राहिले. लग्नाला तेवीस वर्षे झाली होती. म्हसवडहून पंढरपूर एसटीने दोन-अडीच तासांची वाट. आणि पारूबाईने पंढरपूर अजून पाहिले नव्हते. कधी पोरे लहान, कधी सासू आजारी, कधी घरात पैसा नाही. बापू तीनदा जाऊन आले होते. तिने कधी मागितले नाही, आणि त्यांनी कधी विचारले नाही.

"तू जातीस?" त्यांनी विचारले.

"सखूआत्या निघाल्यात. बाया हायेत चार. आन् बायकांना आता एसटीला निम्मंच तिकीट हाय."

हे खरे होते. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या गाड्यांत बायकांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला होता. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरच्या माणसांना तिकीट माफ झाले होते. सखूआत्यांचे वय शहात्तर. त्यांनी आधारकार्ड लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवले होते.

"आन् डबा?" पारूबाई म्हणाली.

"डबा मी बगतो," बापू म्हणाले. "भाकरीचं बी बगतो. पोरगी हाय की."

दुसऱ्या दिवसापासून घरात गडबड सुरू झाली. सखूआत्या दारात येऊन बसल्या आणि एकेक सांगू लागल्या. त्यांच्या वीस वाऱ्या झालेल्या. त्यांच्यापुढे कुणी बोलत नसे.

"दशम्या कर दुधात कालवून. दोन-तीन दिस टिकत्यात. भाकरी न्यायची न्हाई, वाळून दगड हुती. शेंगदान्याचं लाडू कर, एकादशीला हुत्यात. तिखट लई नगं. आन् पानी? पानी घरातलं उकळून, गार करून न्यायचं. संपलं तर टँकरचं, नळाचं. नदीचं पानी अंगावर घ्यायचं, तोंडात न्हाई."

"देवाच्या नदीचं पानी सुद्धा न्हाई व्हय?" एका पोरीने विचारले.

"माझी सासू सांगायची, तिच्या येळंला वारीत पटकी यायची. जुलाब आन् वांत्या. सकाळी टाळ वाजवनारा मानूस सांजंला न्हाई. देव नदीत हाय, पर घान आपलीच हाय."

मग आत्यांनी जुलाबावरचे पाणी कसे करायचे, तेही सांगितले. एक लिटर स्वच्छ पाणी. त्यात साखरेचे सहा चहाचे चमचे, सपाट भरून. आणि मिठाचा अर्धा चमचा, तोही सपाट. ढवळून थोडे थोडे पाजत राहायचे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून चव घेऊन बघायची. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको. त्याची तयार पाकिटे सरकारी दवाखान्यातही मिळतात. जुलाब थांबत नसतील, किंवा माणूस सुस्त पडला, तर मात्र दवाखाना गाठायचा. पारूबाईने हे सगळे वहीच्या पानावर लिहून घेतले. साखर सहा. मीठ अर्धा. पाणी एक. तिचे अक्षर मोठे आणि थोडे वाकडे. पण वाचता येत होते, आणि वाचता आले म्हणजे झाले.

त्या रात्री पारावर चाचा म्हणाले, "औंदा एकादशी आन् बकरी ईद एकाच दिशी आलीया. आमी ठरीवलंय, कुर्बानी दुसऱ्या दिशी करू."

"मंग एकादशीला चाचा काय खानार?" तात्यांनी विचारले.

"तुमच्या घरला शाबूची खिचडी खायाला येतो की."

२५ जूनला एक नवलच झाले. अडलेला पाऊस एकदम धावत सुटला. मुंबईत आणि दिल्लीत मोसमी पाऊस एकाच दिवशी पोचला. एरवी दिल्लीला तो मुंबईनंतर दोन आठवड्यांनी जातो. असे एकाच दिवशी पोचणे याआधी १९६१ साली झाले होते. आमच्या गावातही आभाळ खाली उतरले. वादळी सर नव्हे, तर बारीक, शांत पाऊस.

२६ तारखेच्या सकाळी डब्यात ८ मिलिमीटर पाणी होते.

"एकोणीस आन् आठ, सत्तावीस," बापू म्हणाले.

ओसरीवर तात्या बसले होते. त्यांनी मान हलवली. "त्ये एकोणीस धरू नगंस. ती ओल उन्हानं कवाच नेली. हिशोब नव्यानं लाव. कालपासनं."

तात्यांना वाचता येत नव्हते. पण हे त्यांना माहीत होते. बापूंनी एकोणीसाभोवती गोल काढला आणि नवी बेरीज सुरू केली.

२७ तारखेला सकाळी पारूबाई, सखूआत्या आणि तिघी बायका वडापमध्ये बसून म्हसवडला गेल्या. डोक्यावर बोचके, हातात पाण्याची बाटली. जाताना पारूबाई दोनदा मागे वळली. एकदा घराकडे बघायला, एकदा डब्याकडे.

म्हसवडच्या स्थानकावर तोबा गर्दी. यात्रेच्या जादा गाड्या लागल्या होत्या. सखूआत्या प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारत, "बाबा, पंढरपूरला कुठली?" एक जण म्हणाला ही, दुसरा म्हणाला ती. पारूबाई पुढे झाली. तिने गाडीच्या कपाळावरची पाटी वाचली. एकेक अक्षर ओठांत जुळवत. पं… ढ… र… पू… र. "आत्या, हीच! चला!" वर्गाबाहेर तिने वाचलेली ही पहिली पाटी.

जाताना पाटी वाचणे कामी आले, पण येताना जास्त कामी आले. यात्रेच्या दिवसांत पंढरपुरात गाड्यांसाठी तात्पुरती स्थानके वेगवेगळ्या जागी करतात. ज्या दिशेचे गाव, त्या दिशेचे स्थानक. लाखो माणसांत चुकलेला माणूस दिवसभर भटकतो. या पाच जणी मात्र सातारा-म्हसवडकडच्या स्थानकाचा फलक वाचत नीट पोचल्या. चंद्रभागेत त्यांनी स्नान केले. दर्शनाची रांग फार लांब होती. आत्यांचे गुडघे तेवढे उभे राहू देईनात. मग त्यांनी नामदेव पायरीवर डोके टेकले, कळसाचे दर्शन घेतले आणि वाळवंटात बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. पारूबाई कळसाकडे बघत किती वेळ बसली, ते तिलाच ठाऊक. तिने ते कुणाला सांगितले नाही.

३० तारखेला अंधार पडता पडता ती घरी आली. पाय सुजलेले. कपाळावर बुक्का. दारात बापू उभे होते. तिने बोचके खाली ठेवले. प्रसादाचे चुरमुरे काढायच्या आधी तिने विचारले, "डब्यात किती?"

बापूंनी कॅलेंडर दाखवले. २७ जून, ११. २८ जून, १४. ३० जून, ६. मधला २९ चा चौकोन मोकळा होता.

"ह्यो का मोकळा?"

"एकादशी हुती," बापू डोके खाजवत म्हणाले. "भजनाला बसलो. इसरलो. दुसऱ्या दिशी दोन्हीचं मिळून मोजलं."

"तर मंग तसं लिवा की. दोन दिसांचं म्हनून."

बापूंनी तसे लिहिले. आठ, अकरा, चौदा, सहा. एकोणचाळीस झाले. पंचाहत्तर अजून लांब होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस थांबून थांबून पडत राहिला. ८ तारखेला बेरीज ७८ झाली. बापूंनी रानात जाऊन कुदळीने खड्डा केला. ओल वीतभर खाली गेली होती. मातीचा लाडू वळत होता. तेव्हा त्यांनी हिशोब काढला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी. अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर म्हणजे तीन लाख लिटरच्या वर. उन्हाळ्यात गावाला दहा हजार लिटरचा टँकर येई, आणि त्यावर भांडणे होत. इथे एकेका एकरावर तीस-एकतीस टँकर आभाळाने न बोलता ओतले होते.

९ तारखेला बापूंनी पेरले. बाजरी आणि मधूनमधून तूर. मुगाचा बेत सोडून दिला, त्याची वेळ गेली होती. आण्णांनीही त्याच आठवड्यात पेरले. त्यांचे ते दुसऱ्यांदा.

सगळे छान झाले, असे लिहायला आवडले असते. पण तसे झाले नाही. ऑगस्टने दगा दिला. १९०१ सालापासून नोंदी आहेत, त्यांत देशात इतका कोरडा ऑगस्ट कधी झाला नव्हता. बाजरी कणसात भरताना पाणी कमी पडले. बापूंना नेहमीच्या निम्म्याहून थोडी जास्त बाजरी झाली. आण्णांनाही जवळपास तेवढीच. फरक एवढाच, की आण्णांचे साडेचार हजार मातीत गेले होते आणि बापूंचे पेटीत होते. त्या पैशांतून बापूंनी दिवाळीआधी म्हशीला कडबा घेतला.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, आण्णांनी घरातला एक डबा कापला. कुणाला सांगितले नाही. परड्यात चार दगड लावून मांडला. जूनमध्ये पहिला पाऊस झाला. रात्री पारावर सगळे जमले.

"बापू," आण्णा म्हणाले, "तुमच्या डब्यात किती?"

"बारा. तुमच्या?"

"सात."

"आरं, एका गावात बारा आन् सात कसं?" चाचा म्हणाले.

"ओढ्याच्या पल्याड आन् अल्याड," तात्या म्हणाले. "पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर न्हाई, म्हनत्यात ते काय उगीच?"

"न्हाईतर आण्णांचा डबा लिंबाखाली असंल," बापू म्हणाले.

आण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने ते उठले आणि बॅटरी घेऊन घराकडे गेले. डबा लिंबाखालीच होता.